ठमीचं हसू

३ जानेवारी
नवं ऑफिस. चाळिशी उलटल्यावर का होईना, खिडकीजवळची जागा मिळाली! इतकी वर्षं साबणांच्या आणि बिस्किटांच्या नावांवरून कोर्टात भांडले. इथे एकच अशील, तोही जगावेगळा. तो आवाजांचे ट्रेडमार्क घेतो. नोंदणी झाली की आवाज त्याचा, इतरांनी वापरायचा नाही. नवरा म्हणाला, तुझं घोरणं त्यांना देऊन टाक, मी सुटेन. मोठ्या साहेबांनी माझ्या अक्षराचं तोंड भरून कौतुक केलं. मग काय, स्वारी खूश!

१२ जानेवारी
पहिली फाइल, एक शीळ. शिळेवर कोण हक्क सांगणार? सही ठोकली. दुपारी लेकीला, ठमीला, शाळेतून थेट ऑफिसात आणलं. साहेबांनी तोंडं वेडीवाकडी करून पोरीला इतकं हसवलं की शेवटी नेहमीसारखी उचकी लागली. माणूस लाघवी आहे. टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र मात्र बंद करायला विसरला.

९ मे
शिळेची नोंदणी झाली. आमचे हिशेबनीसकाका रोज शीळ घालत जिना चढतात, आज गुपचूप आले. मी चिडवलं. त्यांनी ओठांचा चंबू केला, नुसती हवा आली. म्हणाले, दातांमुळे असेल. डोळे भरले होते. शीळ त्यांचीच होती हे माझ्या आत्ता डोक्यात आलं. मला भयंकर वाईट वाटलं.

२० मे
ठमी दोन दिवस हसलेली नाही. गुदगुल्या केल्या तर अंग चोरते, तोंड उघडते, आणि काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, घसा उत्तम आहे.

२१ मे
साहेबांच्या कपाटात फाइल सापडली. रेकॉर्डिंग लावलं. ठमी हसतेय. शेवटी उचकी. नोंदणी पूर्ण, सही साहेबांची.


२ जून
अशिलाविरुद्ध मला उभं राहता येईना, म्हणून नवऱ्याच्या नावाने नोंदणी रद्द करायचा अर्ज. आज सुनावणी. हसू तिचंच हे सिद्ध करा, नोंदणी अधिकारी म्हणाले. ठमीला पुढे उभं केलं. हस गं बाळा —
नुसता श्वास.
अर्ज फेटाळला.

३ जून
साहेबांचा फोन. अशील तडजोडीला तयार. हसू परत देतो म्हणे, बदल्यात माझ्या संमतीने नवी नोंदणी, संमती असली की एका दिवसात होते. या वेळी आवाज नकोय. नमुना म्हणून माझ्या हातचा लिहिलेला कागद हवा, बस्स.
दिला. काहीही दिलं असतं.

४ जून
हसतेय! आतल्या खोलीत, बापाशी मस्ती चाललीय, उचकी लागेपर्यंत — माझी ठमी!
हे सगळं तिच्यासाठी लिहून ठेवायचंय. मोठी झाली की वाचेल. पण मघापासून पेन — रेघ वाकडी जाते — हात चांगला आहे, चहाचा कप धरला, तिची वेणी घातली — फक्त लिहायला घेतलं की —
ती हाक मारतेय. एवढंच लिहिते. ठमे, तुझं हसू मी