दहा मिनिटांची वेणी

आई, रविवारी माझे केस कापले. चांगले मानेच्या वर. तू असतीस तर कपाळावर हात मारून विचारलं असतंस, "कुणी कापलं? कुणाची हिंमत झाली?" कुणाचीच नाही गं, मीच हो म्हटलं. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात तुला मुद्दाम बसून काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही. शाळा होती, मुलगा लहान होता, मग ह्यांचं आजारपण आलं. आता वेळच वेळ आहे. हे मी हातानं लिहीत नाही, पेन धरता येत नाही. मी बोलते आणि मोबाईल लिहितो, सुनेनं शिकवलंय. मी 'संधिवात' म्हटलं की तो 'संधी वाट' असं लिहितो. जन्मभर महापालिकेच्या शाळेतल्या पोरांचं शुद्धलेखन तपासलं आणि आता स्वतःच्या चुका खोडायला बोट चालत नाही. राहू दे, तुला तशीही वेलांटी-उकाराची फिकीर नव्हती.

पिंपरीच्या आपल्या खोलीतली सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. बाबा फर्स्ट शिफ्टला गेले की तू स्टोव्ह बंद करतेस, थिजलेलं खोबरेल त्याच्या उबेला ठेवतेस आणि पाटावर बसून मला गुडघ्यांत धरतेस. म्हणजे धरतेस कसली, जखडतेसच. "हलू नगंस. भांग वाकडा ग्येला तर पोरी म्हनतील, हिची आय आंधळी हाय." मी हलायचीच, आणि फणीची पाठ डोक्यात बसायचीच. पण सगळं बोलणंही तिथंच व्हायचं. कुणाचं लग्न ठरलं, दळणाला कुणी जायचं, गणितात मार्क कमी का पडले, सगळं तू माझ्या पाठीमागून बोलायचीस. समोरासमोर आपण दोघी काय बोललो ते मला आठवतसुद्धा नाही. तू मला कधी जवळ घेतलं नाहीस, त्याचा राग नाही. आपल्या मावळातल्या घरांत मोठ्या पोरीला जवळ घ्यायची पद्धतच नव्हती. दोन वेण्या घालून रिबिनी बांधल्या की तू डोक्यावर तळहात दाबायचीस आणि म्हणायचीस, "जा आता." तेवढंच.

डी.एड.ला होते तेव्हा मी कॅम्पातल्या एका पार्लरमध्ये जाऊन खांद्यापर्यंत केस कापून आले होते. वर्गातल्या दोघीतिघींनी कापले म्हणून मीही. संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बिनआयच्या पोरींचं केस कापत्यात. वसतिगृहात. इंचरायला कुनी न्हाई म्हनून. मी काय मेली का काय?" मला तेव्हा तुझं बोलणं अगदी गावंढळ वाटलं होतं. पण त्यानंतर मी केसांना कात्री लावली नाही, हेही खरं.

ह्या संधिवाताच्या दुखण्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आधी बोटं, मग मनगटं, मग खांदे. सकाळी उठले की अकरापर्यंत मूठ मिटत नाही आणि हात खांद्याच्या वर जात नाही. ज्याचा हात डोक्यापर्यंत पोचत नाही त्याला वेणी कशी घालता येणार? मग माझी वेणी हे घालायचे. तुझा जावई, तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लोखंडाशी झटलेला माणूस. आधी लाजले, मग शिकले. मोटरीचं वाइंडिंग केल्यासारखी घट्ट वेणी घालायचे. डोळे ताणले जायचे माझे. "राव, जरा सैल," म्हटलं की म्हणायचे, "सैल ठेवलं तर सुटतं." ते गेले आणि वेणीही गेली. मुलगा म्हणाला, एकटी कशी राहशील, आणि मला इकडे मारुंजीला घेऊन आला. भाड्याचा फ्लॅट आहे, अकरावा मजला. लिफ्ट आहे, हवा आहे, खिडकीतून लांबवर इमारतीच इमारती दिसतात.

मुलगा वाईट नाही. सून तर त्याच्याहून बरी. औषध कधी चुकत नाही, डबा गरम राहील अशा भांड्यात ठेवून जातात, महिन्याला दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, "दुखणं कसं आहे?" मी म्हणते, "आहे तसंच आहे." ते म्हणतात, "गोळ्या चालू ठेवा." एवढ्यात बाहेरचा पुढचा पेशंट आत आलेला असतो. केस कोण विंचरतं, पाठ कोण घासतं, पायाची नखं कोण काढतं, हे ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. डॉक्टरला असलं काय सांगायचं?

सुरुवातीला सूनच वेणी घालायची. सकाळी दोघांचीही धावपळ, तिचं तर ऑफिसचं बोलणं घरातूनच सुरू होतं. एकदा अर्धी वेणी झाली आणि तिची मीटिंग लागली. एका हातात तीन पेड तसेच धरून ती इंग्रजीत काहीतरी समजावत राहिली. मी श्वाससुद्धा हळू घेतला, तिचं लक्ष उडू नये म्हणून. बराच वेळ गेला. शेवटी तिनं पेड सोडले, क्लचर लावला आणि खुणेनं सॉरी म्हणाली. त्यानंतर रोज क्लचरच. खाली मानेशी जटा व्हायला लागल्या, त्या रविवारी सोडवायच्या, आणि रविवारी तिचा हात घाईचा. दुखायचं. मी तोंड मिटून बसायचे. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मला सांभाळायला ब्युरोची बाई लावली. ब्युरोवाले दहा मिनिटांसाठी माणूस देत नाहीत, आठ तास नाहीतर बारा तास. पहिली दिवसभर मोबाईलवर. दुसरी खरोखर चांगली होती, वेणी अशी घालायची की रात्री उशीवरही सुटू नये. ती महिन्याभरात चाकणला कंपनीत पॅकिंगला लागली. जाताना म्हणाली, "मावशी, रागावू नका. कंपनीची बस न्यायला येती, दुपारचं जेवान मिळतंय. आन् तिथं कुनाचं हगलं-मुतलं काढायचं न्हाई." मी कशाला रागावू? इथले सगळे चांगले हात कंपन्यांनाच लागतात. आमच्या घरातलेही तिकडेच गेलेत.

तेव्हापासून मी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात-साडेसात एकटी असते. तुला वाटेल, कोंडून जातात. नाही गं, बाहेरून कुणी कुलूप लावत नाही. दाराला आतून एक गोल मुठीचं लॅच आहे, ते पिळावं लागतं, आणि माझ्या हातांना पिळणं जमत नाही. दार माझं, घर माझं, लॅच माझ्या बाजूला, आणि मी आत. कुरियरवाला आला की दाराआडून ओरडते, "सिक्युरिटीकडे दे बाबा." मागे एकदा सोसायटीत आगीची तालीम झाली. आधी सांगितलं असेल, मला कुणी सांगितलं नव्हतं. भोंगा वाजायला लागला, जिन्यावरून पावलांचा आवाज आला, पोरांचा हसण्याचा आवाज आला. मी दोन्ही मनगटांत ती मूठ धरली, कोपरानं रेटली, पदर गुंडाळून बघितला. सगळे खाली पोचले, भोंगा थांबला, तरी मी दाराशीच. मग स्टूल ओढून तिथंच बसले. मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं लगेच घरमालकाला मेसेज केला, लॅच बदलू का म्हणून. मालक परदेशात असतो. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर एक किल्ली खाली सिक्युरिटीकडे ठेवली आहे.

केसांचं मुलानंच काढलं, जेवताना. "आई, एक सुचवू का? केस शॉर्ट करूया. तुलाच हलकं वाटेल. हल्ली सगळ्याच करतात."

सून म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नको हं आई. पण तो गुंता सोडवताना तुम्हाला किती दुखतं, मला बघवत नाही."

मला म्हणायचं होतं की मला केस नकोत, मला सकाळची दहा मिनिटं द्या. पण त्या दोघांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं समोर दिसत होती. कुणाकडे मागणार? दहा मिनिटं त्यांच्याकडे असती तर त्यांनी स्वतःच झोपून काढली असती. आणि मागून मिळाली असती तरी ती मागून मिळालेली. मी म्हटलं, "करा. मलाही कंटाळा आलाय." मास्तरीण होते ना, ठासून बोलले की लोकांना खरं वाटतं.

रविवारी पार्लरची मुलगी घरी आली. लातूरकडची, पंचविशीची, कमरेला कात्र्यांचा पट्टा. गॅलरीत खुर्ची मांडली, खाली जुने पेपर अंथरले. मला वाटलं, आली तशी खचाखच कापून जाईल. पण ती म्हणाली, "काकू, आदी केस धुवून घेऊ, गुंता लई झालाय." तिनं माझी मान मागं टेकवली, मगानं कोमट पाणी सोडलं आणि दोन्ही हातांची बोटं केसांत घातली. कानामागून, मानेच्या खळग्यातून, टाळूवर, सावकाश. तिला कुठं जायची घाई दिसली नाही. कुठला गाव तुमचा, काय शिकवायचात शाळेत, असं ती माझ्या पाठीमागून विचारत राहिली. डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेचना.

"दुखायलंय का वो काकू?" तिनं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

सून दारात उभी होती. तिनं मला रडताना बघितलं आणि ती आत गेली. ओट्यापाशी उभी राहून तीही रडली, मुलानं मला नंतर सांगितलं. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सॉरी आई. मी जबरदस्ती केली का? वाढतील हो परत." तिला वाटलं, सासूला केसांचं दुःख झालंय. वाटू दिलं. तेव्हापासून ती दोघं माझ्याशी जपून बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तशी. खरं तर मी आजारी आहेच म्हणा.

हे पाठवायचं कुठं? सून घरी यायच्या आत पुसून टाकायला सांगेन ह्या यंत्राला. तिच्या वाचनात आलं तर तिला वाटेल सासूनं गाऱ्हाणी लिहून ठेवलीत, आणि ती बिचारी उद्यापासून आणखी लवकर उठेल. पण पुसायच्या आधी एक गोष्ट तुला सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटते. मी केसांसाठी रडले नाही. हे गेल्यापासून माझ्या डोक्यावरून असा हात कुणाचा फिरलाच नव्हता, आणि तो फिरेपर्यंत ते मला कळलंही नव्हतं. आता मी दिवसातून कितीदा तरी मान वाकडी करून, मनगट मानेपर्यंत नेऊन बघते, केस किती वाढले. लवकर वाढावेत असं वाटतं. वेणीसाठी नाही गं. वाढले की कापायला ती पार्लरची मुलगी परत येईल म्हणून.