चिंचेचा शेंडा

आबा,

चिंच अजून आहे. तुमच्या हातून जिचा शेंडा गेला, ती. वर्कशॉपवाल्या काकांनी उतारवयात ती माझ्या गच्चीवर आणून ठेवली आणि म्हणाले, माझी पोरं हिला वाळवत्यात, तुझ्याकडं बरी. वरून ती सपाट आहे, कुणी डोक्यावर तळवा ठेवून दाबल्यासारखी. जखमेवर साल पुरती चढली आहे. आपल्या बोन्साय मंडळात येणारी नवी माणसं विचारतात, हा आकार कसा काढला? मी म्हणते, निघाला.

मंडळ सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते. रविवारी सकाळी कुणाच्या तरी अंगणात सतरंजी पडायची. आपल्याकडे काहीच मिळत नव्हतं. कुंड्या कुंभार गल्लीतून उथळ करून घ्यायच्या. फांद्यांना वळण द्यायला तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणायची. पुस्तक एकच होतं, जपानी. अक्षर कुणाला लागत नव्हतं, चित्रांवर भागवायचं. त्यातल्या एका चित्रावरून काकांनी उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये फांद्या कापायची पक्कड घडवली. तिचं तोंड खोलगट होतं, म्हणजे कापलेली जागा आत जाते आणि साल तिच्यावर सहज येते. पहिली पक्कड त्यांनी तुम्हाला दिली. दुसरी तुम्ही मला विकत घेऊन दिलीत, आणि दोन वर्षं हात लावू दिला नाहीत. मी फक्त पाणी घालायचं. तेही कुंडी आधी उचलून. हलकी लागली तरच. एकदा न उचलताच घातलं, तर तुम्ही शाळेत पोरांना बोलायचात तसं सगळ्यांसमोर बोललात, “झाडाला विचारलंस का?” काका हसले. “सर, झाड काय बोलतंय व्हय? सोडा की पोरीला.” मला तुमच्यापेक्षा त्यांचाच राग आला.

परक्या हाताचा नियम तुमचा. झाडाचा मोठा काप मालकानं घ्यायचा नाही, कारण लावणाऱ्याचा हात मऊ पडतो, नको ती फांदी राखतो. वर्षातून एकदा, शिमगा झाला की, ज्याचं झाड त्यानं सतरंजीवर हात मांडीखाली घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं कापायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मोठी मोठी माणसं अशी हात दाबून बसलेली बघून मला हसू यायचं. बहुतेकांना परका हात म्हणून तुम्हीच हवे असायचात.

त्या वर्षी काकांची पाळी होती. वर्कशॉप टाकलं त्या वर्षी त्यांच्या आईनं चिंचोका पुरला होता, त्याची ही चिंच. आई गेल्या होत्या. खोड अंगठ्याएवढं झालं होतं, आणि उंच गेलेला शेंडा काढून त्याच्या बुडाशी फुटलेल्या कोवळ्या फांदीला नवा शेंडा करायचं ठरलं होतं. दोन्हींच्या मध्ये जागा अशी नव्हतीच. पक्कड जरा सरकली की दोन्ही जाणार.

आणि तुमचा उजवा हात हलत होता. मला थंडीपासून माहीत होतं. आधी बशीत चहा सांडलेला दिसला. मग आई तुम्हाला कपबशीऐवजी पितळी पेल्यात चहा द्यायला लागली. त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही दोन्ही हातांनी पेला धरून बसला होतात. मी म्हटलं, “आबा, आज सांगून टाका. दुसरं कुणीतरी कापेल.” तुम्ही पेला खाली ठेवलात. “माझा हात मला ठाऊक आहे. तू पाण्याचं बघ.” आई भाकरी थापत होती. तिची थाप एकदा चुकली, इतकंच.

मी झारी घेऊन तुमच्या मागे उभी आहे. अंगण काकांचंच. चिंच मधोमध पाटावर, नव्या तांबूस पालवीतली. काका हात मांडीखाली घेऊन समोर बसलेत. नुसतं बघत राहायचं असतं, पण त्यांना गप्प बसवत नाही. “सर, कापा की. मुहूर्त काढलाय व्हय?” सगळे हसतात. तुम्ही पक्कड खोडाला लावता. आणि झाडावरचं पान न् पान थरथरायला लागतं. वारा नाही. शेजारच्या दोन कुंड्यांतलं एकही पान हलत नाही. चिंच तेवढी हलते. हसणं थांबतं. तुमच्या मानेवर घाम आलेला मला दिसतो. मला वाटतं आता पुढे व्हावं, पण कुणाकडे व्हावं ते कळत नाही.

तुम्ही पक्कड बाजूला घेतलीत. “मालक, माझा हात हलतो. काही महिने झाले. तुमचं झाड आहे, तुम्हीच कापा.”

शाळेत, मंडळात, घरात, तुम्ही असं काही बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. काका हात काढतील, पक्कड घेतील, संपलं. पण काकांनी हात काढले नाहीत. उलट मांडीखाली आणखी आत सरकवले.

“न्हाय सर. नियम तुमचाच हाय.”

“मालक, शेंडा जाईल.”

“जाऊ दे.”

“तुमच्या आईनं लावलंय.”

“व्हय. म्हणूनच तुम्ही कापा म्हणतोय. दुसरा कोण न्हाय कापायचा. हलू दे हात.”

तुम्ही पक्कड पुन्हा लावलीत, पानं पुन्हा थरथरली, आणि कट् झालं. शेंडा पडला. त्याच्याबरोबर ती कोवळी फांदीही पडली. काकांनी पाटाकडे बघितलं. मग म्हणाले, “आता माझ्यागत बुटकी झाली. ताई, पाणी घाल.” मी कुंडी उचलून बघायची विसरले.

त्यानंतर तुम्ही मंडळात जात राहिलात, पण पक्कड धरली नाहीत. सतरंजीच्या कडेला बसून सांगत होतात, इथं नको, खाली. मी काकांवर कितीतरी वर्षं डूख धरून होते. चारचौघांत त्यांनी तुम्हाला उघडं पाडलं, असं मला वाटायचं. ते गेले तेव्हाही तो राग पुरता गेला नव्हता. आता वाटतं, त्यांनी पक्कड घेतली असती तर तुम्ही त्या अंगणात पुन्हा पाय ठेवला नसता. खात्री नाही. विचारायला दोघंही नाहीत.

आता मंडळ मी चालवते. परका हात म्हणून माणसं माझ्याकडे येतात. येत्या रविवारी एका बाईंचा उंबर कापायचा आहे. त्यांच्या नवऱ्यानं पन्हाळ्याहून आणलेला, नवरा आता नाही. त्यांनी दुसरं कुणी नको म्हणून सांगितलं आहे. चांगल्या आहेत, पण काकांसारखं बोलणाऱ्या नाहीत. माझा हात बघून ‘हलू दे’ म्हणतील असं वाटत नाही. गप्प राहतील, आणि त्या गप्प राहण्यात होकार आहे की नाही, मला कळणार नाही.

गेल्या रविवारी माझं झाड नव्हतं. कापणारी मी नव्हते. तरी आबा, मी सगळा वेळ हात मांडीखाली घेऊन बसले होते.