तेलगिरणीच्या माळ्यावरचा फ्लॅट

मी, साखरबाई रोहिदास शेलार, वय ७२, राहणार फ्लॅट क्र. २०३, 'ऑईल मिल लॉफ्ट्स', शिरूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला इथे फ्लॅट विकत घेणाऱ्यांकडूनही मागायला हवा होता.

१. ही इमारत म्हणजे आमची जुनी तेलगिरणी. इथे मी एकवीस वर्षे शेंगदाणे निवडले. बारदान आणि घुशी असायच्या त्या माळ्याला आता लॉफ्ट म्हणतात, आणि पुण्याची माणसे शनिवार-रविवार त्यावर झोपायला येतात. मागच्या चाळीतल्या आमच्या खोल्यांना गिलावा करा म्हणून आम्ही मालकाचे उंबरे झिजवले. बिल्डरने गिरणीचा होता तो गिलावाही खरवडला आणि उघड्या विटांचे जादा पैसे लावले. दुनिया झुकती है, झुकानेवाला चाहिए म्हणतात ते खोटे नाही.

२. चाळ पाडताना बिल्डरने घरोघर कागद फिरवला. मी सही केली नाही. पाच वर्षे खोली अडवून बसले, तेव्हा हा फ्लॅट हाती आला. माझी शेजारीण खुर्शिद सुभान तांबोळी माझ्याच पोत्यावर बसून दाणे निवडायची. कागद फिरला तेव्हा तिचे पती नुकतेच वारले होते. "साखर, हितंच घर देणार हायेत, त्यांच्या मॅनेजरनं सांगितलंय," म्हणत तिने अंगठा दिला. कागदात खोली सोडल्याचे लिहिले होते. आज ती सणसवाडीत भाड्याने राहते आणि इथे फरशी पुसायला येते. लॉबीत गिरणीचा मोठा फोटो लावला आहे. त्यात पुढे बसलेली बाई तीच. सोसायटीचे चेअरमन सम्राटसाहेब पाहुण्यांना तो फोटो कौतुकाने दाखवतात, आणि दाखवताना तिला बादली घेऊन बाजूला व्हायला सांगतात.

३. सदर चेअरमन यांनी माझी दाण्यांची चाळणी लॉबीत टांगायला तीनदा मागितली. ती त्यांना देऊ नये. ती खालच्या मजल्यावरच्या सविताला द्यावी, ती गहू चाळते.

४. चिरंजीव सत्यजीत यास दौंडचे घर, जिथे तो राहतोच आहे, आणि माझे सोन्याचे मणी. फ्लॅट नाही. मी खोलीसाठी भांडत होते तेव्हा त्याला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. फ्लॅट मिळाल्यावर एजंट घेऊन आला. "आई, हेरिटेज हाय, आत्ता इकला तर भाव येईल," म्हणाला. त्याचा मला राग आहे आणि तो मी इथे नोंदवते.

५. फ्लॅट माझ्या पश्चात खुर्शिद हिला द्यावा.

इथे वकील स्नेहलताईंनी लिहिणे थांबवले. "आजी, खुर्शिदआजी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहेत. त्या आधी गेल्या तर?"

मी इतका वेळ इतरांची अक्कल काढत होते आणि हे मला सुचले नव्हते. खुर्शिदला वर बोलावून फ्लॅट आत्ताच तिच्या नावावर करते म्हणून सांगितले.

"आन् तू कुठं जाशील?" तिने विचारले.

"कुठं जाती? दोघी ऱ्हाऊ. फकस्त माळ्यावर झोपू नगं, गुडघं जातील."

ती रडली. मीही रडले, लपवण्यासारखे त्यात काही नाही.

सबब कलम ५ रद्द. फ्लॅटचे बक्षीसपत्र उद्या अकरा वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात खुर्शिदच्या नावे करीत आहे. माझ्या मरणाची वाट बघण्याइतके वय तिच्यापाशी उरलेले नाही.

लिहून देणार: साखरबाई रोहिदास शेलार (सही)

साक्षीदार, माझ्यासमोर सही केलेले:
१. पोपटराव आनंदराव गायकवाड, भांडगाव (सही)
२. नवनाथ किसन ढमढेरे, कारेगाव (सही)

शिरूर, दि. १० फेब्रुवारी २०२५