दिव्यानीनं सांगितलेला दवाखाना

६ जानेवारी
चंद्रपूरच्या दवाखान्यात जायचं ठरलं. सुरज नागपूर म्हणत होता. मीच त्याला वळवलं. दिव्यानी म्हणाली, "इतक्या दूर काऊन जाता? माही पोरगी तिथल्याच इलाजानं झाली. पहिल्याच खेपेत." कॉलनीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहते ती. सुरजच्या नि माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही — तरी हळदीकुंकवाला मला न चुकता हाक मारणारी ती एकटी. तिच्यावर नाही ठेवायचा तर विश्वास ठेवायचा कोणावर?

९ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे सत्तर टक्के यश आहे." मी विचारलं — सत्तर टक्के म्हणजे दिवस राहिलेल्या बायका, की मूल घेऊन घरी गेलेल्या? आणि माझ्यासारख्या छत्तिशीतल्या किती?
डॉक्टर हसले. "मोबाईलवर वाचून आलात वाटतं, मॅडम."
सोबत आलेल्या दिव्यानीनं टेबलाखाली माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "स्वाती, इतकं नको विचारू वं. डॉक्टर चिडले का मंग लक्ष देत नाई."
नववीच्या पोरांना विज्ञान शिकवताना रोज सांगते, विचारा, लाजू नका. आणि इथे गप्प बसले.

१८ जानेवारी
इंजेक्शनं सुरू. पोटावर निळे डाग. सुरजला सुई बघवत नाही, म्हणून दिव्यानी येऊन टोचून देते. हळुवार हात आहे तिचा. टोचल्यावर कापूस दाबून धरते, माझ्याशी भलतंसलतं बोलत बसते.

२ फेब्रुवारी
आज दोन गर्भ पिशवीत सोडले. आधी पिशवी दुर्बिणीनं आतून तपासतात ना, असं विचारलं होतं. "गरज नाही." एवढंच उत्तर.
येताना मागून कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवून राह्यले होते आणि सुरजनं गाडी बैलगाडीसारखी हाकली. मला हसू आलं. किती दिवसांनी!

१६ फेब्रुवारी
नाही राहिलं.

२० फेब्रुवारी
प्रफुलभाऊ, दिव्यानीचे यजमान, भेटायला आले. ती माहेरी वरोऱ्याला गेलेली, म्हणून एकटेच. सुरजची समजूत काढायला म्हणाले, "मन लहान नको करू गा. आमी तिथी तीनदा हरलो. मंग हैद्राबादले गेलो, तवा कुठी पोरगी झाली."
सुरज माझ्याकडे बघायला लागला. त्यांना काहीच कळलं नाही, चहा पीत राहिले. मी आत गेले. नळ सोडून नुसती उभी राहिले.

२२ फेब्रुवारी
दिव्यानी परत आल्याचं कळलं तशी गेले. सरळच विचारलं.
आधी म्हणाली, "प्रफुलले काय समजते." मग भिंतीला टेकून खाली बसली. तिला दुसरं मूल हवंय. दवाखान्यानं सांगितलं होतं — बाया घेऊन या, तुमचं फुकटात करून देऊ.
"अजून कोणाला नेलंस?"
"तुह्यं होईन, असं खरंच वाटलं मले," म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. डॉक्टर कोण कुठला — त्याचा राग येतो नि जातो. पण ही तिथेच तीनदा हरलेली. रिकामं घरी येणं काय असतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी नेलं मला.

६ मार्च
नागपूर. बाई डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, मग दुर्बिणीनं तपासलं. म्हणाल्या, "पिशवीच्या आत छोटी गाठ आहे. गर्भ सोडायच्या आधी काढायला हवी होती. पण काढली असती तर राहिलंच असतं, असं मी म्हणणार नाही."
माझ्या वयाच्या किती जणी मूल घेऊन घरी जातात, विचारलं.
"माझ्याकडे? दहांत तिघी."
एवढा कमी आकडा, तरी ऐकून बरं वाटलं.

११ मार्च
दिव्यानी गेटापाशी दिसली. तिनं मान खाली घातली. मी पण.

१९ मार्च
अनोळखी फोन. एटापल्लीकडची सुकरी नावाची बाई. शाळेतून माझा नंबर मिळवला म्हणाली.
"ताई, चंद्रपूरच्या दवाखान्यात तुमचं नाव सांगून राह्यले. कॉलनीतल्या स्वाती मॅडमले पहिल्याच खेपेत जुळे राह्यले म्हणते. एक बाई आली होती सांगाले, दिव्यानी. खरं हाय ना? उद्या आमच्या सुया सुरू हायत."
मी तिला सगळं सांगितलं.
"म्हणजे तुमच्या पोटात काईच नाई?"
"नाही गं."
"मंग आमी उद्या नाई जात," म्हणाली.