माझा खजूर, तिची शिंदी

१२ मार्च २०२५
परड्यातल्या माझ्या खजराला पयला तुरा आला. सांगलीच्या बाजारातला खजूर खाऊन मीच तिथं बी थुंकली हुती, धा वर्सं झाली. मालक म्हणाले, ती वढ्याकडची रानटी शिंदी हाय, तोडतो, ट्रॅक्टरला शेड पायजे. म्हटलं, दिवाळीपतुर घरचा खजूर न्हाई खाऊ घातला तर खुशाल तोडा.

१५ मार्च
शेजारच्या गुणमालाचं नर्सरीतलं झाड बघून आले. पानं राखाडी, आजारी माणसावानी. बुडाला पिल्लं फुटल्यात. माझं एकलंच सरळ वर गेलंय. खानदानी. काटं माझ्याला जास्त हायत, पण महागाच्या मालाला राखण लागतीच. शिंदी तिचीच. नर्सरीवाल्यानं फसवली बिचारीला.

२ एप्रिल
गुणमाला शिडीवर चढून तुऱ्यावर पूड झटकत हुती. म्हणती, नर झाडाची हाय, त्याबिगर फळ धरत न्हाई. माझ्या झाडाला असली थेरं लागत न्हाईत.

२० एप्रिल
शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणारी दगडाबाई पानं मागाय आली. हाकलली. खजराच्या केरसुण्या करतंय का कोण? गुणमालाचं झाड दाखवलं. बघून परत आली, म्हणाली, ती कामाची न्हाईत, तुमचीच पायजेत. तिला काय कळतंय.

८ जून
फळं धरली. बोरापरास बारीक. सुरवातीला तशीच असत्यात. गुणमालाची अंगठ्याएवढी. औषध मारलं असणार.

२९ जून
पिकली. एक खाल्लं. बीवर नुसतं कातडं. जीभ दिवसभर जड. मालकांना चाखू दिलं न्हाई. म्हटलं, पयला बहर पाखरांचा असतो.

३० जून
पाखरांनीबी अर्धा टाकला.

१२ ऑक्टोबर
मालकांनी कुऱ्हाडीला धार लावून आणली. म्हणाले, "दिवाळी आली. खजूर कुठाय?"
वैरण आणायची हाय म्हणून मागच्या दारानं भायेर पडले. थेट दगडाबाईकडं. म्हटलं, लागतील तेवढी पानं न्हे, पण मला दोन केरसुण्या दे. हसली. हसू दे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
नवी केरसुणी पाटावर मांडली, हळदकुंकू वाह्यलं. मालकांना पाया पडायला लावलं, मग सांगितलं, "ही लक्ष्मी त्या झाडाची हाय. आता तोडा." उठले. कुऱ्हाड माळ्यावर ठेवली.
तेवढ्यात गुणमाला आली. केरसुणी आणायची ऱ्हायली म्हणाली. दुसरी दिली. तिनं डबा दिला, फ्रीजमधी राखलेला घरच्या झाडाचा खजूर. मालकांनी चार खाल्लं, बिया ताटलीत ठेवल्या आन म्हणाले, दिवाळीपतुर खाऊ घातलास बग.
माझ्या शिंदीला दोन घागरी पाणी घालून आले.