बदलीचा खांदा

वरचा कोंड, ता. पोलादपूर
वैशाख

प्रिय सलू,

पत्र बघून घाबरू नकोस. घरातली सगळी जिवंत आहेत आणि जेवूनखाऊन आहेत. परवा फोनवर तू विचारलंस, "आये, सातवा लागला की बाबा न्यायला येतील ना गो?" आणि मी नुसतं हॅलो हॅलो करत राहिले, मग फोन बंद झाला. तुला वाटलं असेल, कातळावरची रेंज गेली. रेंज चांगली होती. मीच बंद केला. पहिलटकरीण लेक आईला विचारते, मी माहेरी कधी येऊ, आणि आई फोन बंद करते, असं कुठं असतं का? तर त्याचं उत्तर या कागदावर देणार आहे. पण पहिल्याच ओळीत लिहायचा धीर मला नाही, म्हणून आधी इकडचं ऐकून घे. फोनवर बोलले असते, पण तुमची नालासोपाऱ्याची ती एक खोली आणि माझा हा असा आवाज, बोललेलं सगळं तुझ्या सासूबाईंच्या कानावर पडतं. आपल्या कोंडातला राजू मुंबईहून त्याच्या आईला बघायला आलाय, उद्या परत निघतो. त्याला बजावलंय, सलोनीच्या हातात द्यायचं, आणि वाटेत फोडलंस तर गावात पाय ठेवू नकोस.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. सातवीत माझ्या अक्षरावर गुरुजी सगळ्या वर्गाला पाटी दाखवायचे. पण उजवा खांदा धरलाय, हात वर होत नाही. हंडाही आता डाव्या कमरेवर घेते. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं होतं, गवताचा भारा उचलताना लचकला. ते खरं नव्हतं, पण त्याकडे मागाहून येते.

आजीचं ऐक. आमच्या सासूबाई अंबूबाईंनी तुझ्या बाळासाठी गोधडी घेतलीय शिवायला. स्वतःची जुनी लुगडी फाडली, माझं एक चांगलं पातळ मला न विचारता फाडलं, आणि वर मलाच म्हणतात, नुसती काय बसलीस, दोरा ओव. डोळ्यांना दिसत नाही, पण टाका बोटांनी चाचपून घालतात, आणि सरळ जातो गो, माझा जात नाही. येईल त्याला सांगतात, आमची सलू बाळंतपणाला येतेय. येतं कोण म्हणा. आशाताई लसीच्या दिवशी धापा टाकत वर येते, तिला दोनदा सांगून झालं. उरलेलं म्हशीला सांगतात.

तुझे बाबा ऑपरेशननंतर बरे आहेत. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून निक्षून सांगितलंय, पण ऐकतील तर ते भिकू कसले. काल फणसाच्या झाडाखाली उभे राहून माकडांना शिव्या देत होते. मी म्हटलं, अहो, तुमच्यापेक्षा माकडं बरी, निदान टाके तुटायची भीती नाही. रुसून गोठ्यात जाऊन बसले. वासराशी गप्पा मारल्या, मग भाकरीच्या वासानं आपसूक बाहेर आले. तुझी आठवण निघाली की म्हणतात, न्यायला मी जातो. मी उठून म्हशीला वैरण घालते.

नळाला तोटी बसवून गेले, त्यातून वारा येतो. पाणी अजून झऱ्याचंच, आणि झरा आता तळाला गेलाय. शाळेला कुलूप आहे, मुलंच नाहीत तर मास्तर कोणाला शिकवणार. तुझ्या लग्नात ज्या घरांसमोर पंगत वाढली होती ती सगळी घरं बंद आहेत, शिमग्याला आणि गणपतीला तेवढी उघडतात. आमच्यासारखी जी राहिलीत ती गुरांमुळे आणि भातखाचरांमुळे. पावसाचा इशारा आला की तालुक्याहून फोन येतो, खालच्या शाळेत राहायला या. अरे, म्हशी शाळेत बसवू का? माणसं खाली आणि गुरं वर, मग रोज वरखाली करताना पडायचं ते पडायचंच.

आणि रस्ता. तू गेल्यावर जेसीबी आला होता, ते तुला माहीत आहे. आम्ही त्याला नारळ फोडला, आजीनं त्या यंत्राला हळदकुंकू लावलं. त्यानं डोंगर कापला, अर्ध्यापर्यंत आला आणि निघून गेला. कोणी म्हणतं वनखात्याची परवानगी अडली, कोणी काय म्हणतं. कापलेला डोंगर पुढच्या पावसात खाली बसला आणि आपली जुनी पायवाटही घेऊन गेला. आता ओढ्याला वळसा घालून उतरावं लागतं, करवंदीच्या जाळ्यांतून, हाताला धरायला काही नाही अशा उतारावरून. नसता आला रस्ता तर पायवाट तरी राहिली असती. आजी अजून म्हणते, आपणच नारळ नासका फोडला असेल.

तुझा जन्म मी तुला कधी नीट सांगितला नाही. तुझ्या वेळेला मी अडले होते. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं काम नाय, खाली न्या. तेव्हा डोली उचलायची म्हणजे कोंडातल्या प्रत्येक घरातून एक पुरुष निघायचा, कोणी बोलवायला जात नसे. बांबूला घोंगडीची झोळी, पुढे एक खांदा, मागे एक, आणि दोन्ही बाजूंनी बदलीचे खांदे चालायला. एकाचा दम संपायच्या आत दुसरा बांबूखाली खांदा घालायचा, डोली थांबायची नाही. तुझा काशीरामकाका, कुशाबाकाका, मुरारीकाका तेव्हा ऐन तरणे होते. माझा नंबर, माझा नंबर करून भांडत होते. मी कळांनी ओरडतेय आणि यांचं भांडण बघून मध्येच हसू येतंय, असं ते बाळंतपण. पोलादपूरच्या दवाखान्यात पोचले आणि तू झालीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. तर तू आणि मी, आपण दोघी त्या खांद्यांच्या आहोत. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता गौतमीचं लिहिते. तुला आम्ही सांगितलं की काशीरामकाकाच्या गौतमीचं बाळ दवाखान्यात गेलं. तसं नाही झालं. तिनंच हात जोडून सांगितलं होतं, कोणाला सांगू नका. पण आता तुला सांगायला हवं, आणि मी तिला फोन करून विचारलंय. ती म्हणाली, "काकी, सलूला सगळं सांग. मला कोणी सांगितलं नव्हतं."

गेल्या श्रावणात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, जशी तू यायची म्हणतेस तशीच. एका सकाळी दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या. कातळावर जाऊन फोन केला, दवाखान्याच्या गाडीवाल्यांनी लगेच निघतो म्हणून सांगितलं आणि ते आलेही, खाली वडापाशी उभे होते. त्यांना बोल लावू नये. डोलीला चार पुरुष निघाले, काशीराम, कुशाबा, मुरारी आणि तुझे बाबा. दोन उचलायला, दोन बदलीला. कोंडात तेवढेच होते. मी बाईमाणूस म्हणून सोबत. ओढ्यापाशी पोचायच्या आत तुझे बाबा पोट धरून खाली बसले. अंतर्गळ होता तो. तुला भाताचं पोतं उचलताना झाला म्हणून सांगितलं ना, तो डोलीखाली झाला. ते तिथंच चिखलात बसून राहिले आणि मला हातानं पुढे जा म्हणत होते. मी पदर खोचला आणि बांबूखाली खांदा घातला. मुरारी म्हणाला, "वैनी, तू नको." मी म्हटलं, मग दुसरा कोण हाय?

बाई डोली उचलते हे आपल्या कोंडात कोणी पाहिलं नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही, वाटायला वेळच नव्हता. पण खांदा पुरुषांचा नाही ना गो. वरून पाऊस, पायाखाली निसरडं, उतारावर सगळा भार पुढच्यावर येतो. पुढे काशीराम, स्वतःच्या लेकीला घेऊन. मुरारीचा पाय मुरगळला तेव्हा बदलीला मी एकटीच उरले, आणि माझा खांदा तिथंच धरला, वर होईना. काशीराम उभा राहिला. मागे वळून न बघता म्हणाला, "ठेवा." डोली कधी वाटेत ठेवली नव्हती, ती आम्ही करवंदीच्या जाळीखाली ठेवली. पुरुष पाठ करून उभे राहिले आणि डोक्यावर प्लास्टिक धरलं. मुलगी झाली. मी हातावर घेतली. तोंडातून बोट फिरवलं, पाठ चोळली, पायांना धरून उलटी केली, जे जे आजीनं शिकवलं होतं ते सगळं केलं. ती रडली नाही. गौतमी विचारत होती, "काकी, आवाज का येत नाय?" मी पाठ चोळतच राहिले. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. मग आम्ही डोली परत उचलली, कारण आता गौतमीला वाचवायचं होतं. ती वाचली, एवढंच. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. काशीरामकाका शिमग्यालाही पालखीपुढे नाचला नाही, कोपऱ्यात बसून होता.

म्हणून सलू, तू येऊ नकोस. लिहिलं बघ शेवटी. सातव्यात नाही, नवव्यात नाही, पाऊस आहे तोवर नाहीच. डॉक्टरांनी तुला श्रावणातलाच दिवस दिलाय. मी खूप डोकं चालवलं. दासगावला मामाकडे ठेवावं म्हटलं, तर सावित्रीला पूर आला की तोच माळ्यावर चढून बसतो, आणि मामी गेल्यापासून त्या घरात बाई नाही. तुझ्याकडे तिथं काय नाही? खाली उतरलं की रिक्षा, रिक्षात बसलं की दवाखाना. तू म्हणशील, माहेरपण कुठंय त्यात? नाही. पहिल्या लेकराला माझ्या हातची धुरी नाही, माझ्या हातचं न्हाणं नाही. मला रडू येतं आणि राग येतो, कोणावर काढू ते कळत नाही म्हणून तुझ्या बाबांवर काढते.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी हा कागद खरा घेतला. तू लगेच म्हणशील, मग आये, तूच ये. आमच्या जावयांनी, किरणरावांनीही मागे तसंच सांगितलं होतं, आईंना इकडेच बोलावून घेऊ. मला नाही येता येणार. होळी झाल्यावर कुशाबाकाका ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला, बराच वेळ गुरांचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "वैनी, पावसात खाली जाऊ नको गो." एवढंच. तुझे बाबा आता उचलू शकत नाहीत. काशीराम, कुशाबा, मुरारी आणि मी, असे चार खांदे राहिलेत. मी मुंबईला आले तर बदलीला दुसरा माणूस राहत नाही. काशीरामच्या बायकोचा दमा आहे, आजी आहे, तुझे बाबा आहेत, पावसात साप निघतात. माझा हा धरलेला खांदा मोजून कोंड पावसाळा काढणार आहे. ज्यांनी तुला पोटात असताना उतरवलं त्यांना मी नाही कसं म्हणू? हे पत्र आधी एकटी वाच, मग सासूबाईंनाही वाचून दाखव. त्या म्हणतील, कसली आई ही. म्हणू देत, तू उलट बोलू नकोस, सगळा दोष माझ्यावर घाल. राजूकडे नाचणीचं पीठ, आठळ्या आणि बाळंतशेपा दिलाय, आणि गोधडी. ती मी आजीला न सांगता दिलीय, एक कड शिवायची राहिली आहे, तेवढी तू शिव. आजीला अजून वाटतंय तू येणार आहेस. श्रावण लागला की रोज सकाळी गुरं सोडून मी कातळावर येऊन उभी राहीन, पाऊस असला तरी. फोन आला की तू आधी बोलू नकोस. आधी फोन बाळाच्या तोंडाशी धर आणि त्याला रडू दे. मला तो आवाज ऐकू दे, मग तुझं सांग.

तुझीच,
आये