खाऱ्याकडून गोड्याकडे

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! आई आणि मी. ऑफिसने दिलेलं घर दोन खोल्यांचंच, पण आईला स्वयंपाकघर आवडलं, म्हणजे मी जग जिंकलं. माझं काम समुद्राचं पाणी जमिनीखालून किती आत सरकलं ते मोजण्याचं. ओळीने पाच विहिरी. पहिली आमच्याच अंगणात, पाचवी किनाऱ्याला लागून. टेपच्या टोकाचा मीटर पाण्यात सोडायचा आणि खारेपणाचा आकडा लिहायचा. गोडं पाणी पाचशेच्या आसपास, समुद्र पन्नास हजार. आधीच्या मोजणीदाराने किल्ल्या देताना दहादा बजावलं, की मोजणी कायम गोड्याकडून खाऱ्याकडे करायची, उलटी कधीच नाही. माणूस जरा चक्रमच वाटला.

५ फेब्रुवारी

सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलेच होते, म्हणून पाचवीपासून सुरुवात केली आणि मोजत मोजत घरी आले. मध्ये टेप धुतलीही नाही. कंटाळा, दुसरं काय! आकडे ठीक आहेत. जेवण गार झालं म्हणून आई ओरडली.

८ फेब्रुवारी

चौथी विहीर खारी झाली. पन्नास हजार! मीटर बदलून पाहिला, तोच आकडा. मोजणीदाराला फोन केला. उलटी आलीस का, एवढंच त्याने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाला, की पाण्याला वाट दाखवलीस, आता आईला घेऊन आजच निघ. मला रागच आला.

९ फेब्रुवारी

तिसरीही गेली.

१० फेब्रुवारी

दुसरी. समुद्र वर्षाला चार हात सरकला तरी खूप. उद्याच निघायचं.

११ फेब्रुवारी

उशीर झाला. अंगणातली पन्नास हजार, आणि आई तेच पाणी गटागटा पीत होती. मी तांब्या हिसकावला. वेडाबाई म्हणून हसली. साखरेसारखं लागतंय म्हणे.

१२ फेब्रुवारी

गाडी बोलावली. फाटकाबाहेर पाऊल टाकताच आईचा श्वास कोंडला. नाकातोंडातून पाणी — खारं. आत आणलं, लगेच ठणठणीत. गाडीवाले काका पळाले.

१३ फेब्रुवारी

मागच्या दाराने नेऊन पाहिलं. तेच. ओठ निळे पडले. चूक माझी आणि भोगतेय ती.

दुकानातून बाटल्या आणल्या. घरात येताच त्याही पन्नास हजार.

१४ फेब्रुवारी

आता मी बाहेर पडले तरी आत आई घुसमटते. एकटी गेले तर सुटेन. आईच म्हणते, जा. कशी जाऊ?

१५ फेब्रुवारी

तहान. जीभ टाळूला चिकटलीय. आई केसांवरून हात फिरवते. हात ओला —

१६ फेब्रुवारी

नाही टाकणार तिला. ठरलं. पेला भरलाय. पन्नास हजार. एक घोट —

अगं बाई, किती गो